बोरघाटातली पाच वर्षे : मुंबई–पुणे टपालवाटेचा इतिहास

परळ, दादर या भागांतल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे काही खुंट अजून उभे आहेत. त्यांवर रोमन आकडा कोरलेला असतो आणि सोबत इंग्रजी मजकूर: सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल. कोटातले, आजच्या हॉर्निमन सर्कलजवळचे हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडले आणि इंग्रजांच्या मुंबईतली अंतरे तिथून मोजली जाऊ लागली. रस्त्यांची उंची वाढत गेली तसे यांतले बरेच दगड जमिनीत रुतले. काही अलीकडे उकरून, स्वच्छ करून पुन्हा उभे करण्यात आले आहेत.

हे दगड बेटाच्या आतले अंतर सांगतात. बेट शीवच्या खाडीपाशी संपत असे. त्यापुढे मुंबईचे पत्र देशावर कसे जाई, कोण नेई आणि त्या नेणाऱ्याला काय मिळे, याचा हा धागा.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करावी लागेल, कारण टपालवाट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तिथलाच घोडेस्वार उभा राहतो. पोनी एक्स्प्रेस ३ एप्रिल १८६० रोजी सुरू झाली. मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोपर्यंत सुमारे १,९०० मैलांचे अंतर, वाटेत ठिकठिकाणी ताज्या घोड्यांची ठाणी, आणि दहा दिवसांच्या आसपास पत्र पोचवण्याची हमी. सुरुवातीचा दर अर्ध्या औंसाला ५ डॉलर. सामान्य माणसाने या टपालाने घरी खुशाली कळवावी असा हा दर नव्हताच. २४ ऑक्टोबर १८६१ रोजी पूर्व आणि पश्चिम किनारे तारेने जोडले गेले आणि त्यानंतर काही दिवसांत ही सेवा बंद झाली. चालवणारी कंपनी कर्जात बुडाली. एकूण आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे. पण त्या दीड वर्षावर कादंबऱ्या, चित्रपट आणि संग्रहालये उभी राहिली.

ही सेवा सेंट जोसेफहूनच का निघाली? कारण पूर्वेकडून आलेली रेल्वे तिथे येऊन थांबली होती. पलीकडे कॅलिफोर्नियात जहाजे होती, पैसा होता, वर्तमानपत्रे होती. मध्ये गवताळ मैदाने, रॉकी पर्वत आणि वाळवंट. पोनी एक्स्प्रेस म्हणजे दोन टोकांना येऊन थांबलेल्या यंत्रयुगाच्या मधली फट होती आणि ती फट घोड्यांनी व माणसांनी भरून काढली.

नेमक्या त्याच वर्षांत अशीच एक फट मुंबईपासून काही तासांवर, खोपोली आणि खंडाळा यांच्यामध्ये होती. ती दीड नव्हे, जवळजवळ पाच वर्षे टिकली. तिच्यावर चित्रपट निघालेला नाही.

आता थोडे मागे जाऊ. अठराव्या शतकातल्या मुंबईतून पुण्याकडे निघायचे दोन मार्ग होते. पहिला पाण्याचा: बंदरातून मचव्याने निघायचे, भरती गाठून पनवेलच्या खाडीत शिरायचे आणि पनवेलला उतरायचे. दुसरा जमिनीचा: परळ, दादर, शीव, मग खाडी ओलांडून साष्टी आणि पुढे ठाणे. शीवच्या खाडीवर बांध झाला तो गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, म्हणजे अठरावे शतक सरता सरता काम सुरू होऊन. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला बांध तर १८४५ मध्ये आला आणि त्यासाठी मोठी देणगी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिली. त्यापूर्वी माहीमची खाडी ओलांडायला होडीच. पुण्याच्या टपालाला पनवेलचाच मार्ग सोयीचा पडे. त्यात एक गोष्ट मात्र कोणत्याही गव्हर्नराच्या हातात नव्हती, ती म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीला पनवेलच्या खाडीत चिखल उरतो. सरकारी लखोटा कितीही तातडीचा असो, चंद्राची वेळ साधल्याशिवाय तो पुढे सरकत नसे.

पनवेलहून चौक, खालापूर, खोपोली. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. घाट चढण्यापूर्वी माणसा-जनावरांना पाणी आणि विसावा मिळावा, हा त्यामागचा व्यवहार. देऊळ हे तीर्थस्थान असतेच. घाटाच्या पायथ्याशी ते वाटेवरचे ठाणेही असते. खोपोलीनंतर बोरघाट. इंग्रजी कागदपत्रांत याचे 'भोर' झाले आणि त्या स्पेलिंगमुळे आजही अनेकांची गफलत होते. भोर संस्थानाशी या घाटाचा संबंध नाही. चढण संपली की खंडाळा, लोणावळा, कार्ले, वडगाव, तळेगाव आणि पुणे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. पनवेल ते पुणे हे सगळे अंतर साधारण ७० मैलांचे. नकाशावर किरकोळ वाटणाऱ्या या अंतरात सगळा अडथळा त्या एका चढणीचा होता.

तो किती मोठा होता हे मुंबईकर इंग्रजांना १७७८–७९ च्या हिवाळ्यात कळले. राघोबादादाला गादीवर बसवण्यासाठी निघालेली त्यांची फौज याच वाटेने वर चढली. तोफा आणि सामान वाहणारे हजारो बैल घाटातून वर घेताना दिवसामागून दिवस गेले आणि तेवढ्यात मराठ्यांनी पुढचा मुलूख ओसाड करून ठेवला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच मराठी लोकस्मृतीतला इष्टुर फाकडा. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. या पराभवाची कारणे अनेक आहेत. पण ज्या फौजेला मागे परतायला एकच अरुंद घाट उरतो, तिची तहाच्या बैठकीत काय किंमत राहणार, हे महादजी शिंद्यांना नीट ठाऊक होते.

मराठ्यांकडे या वाटांवर चालणारी स्वतःची बातमीव्यवस्था होती. पत्र नेणारा तो कासीद, बातमी काढणारा आणि आणणारा तो जासूद, निरोप्या हरकारा, आणि तातडीच्या कामाला सांडणीस्वार. पेशवे दप्तरातली पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: पत्रावर ते कधी लिहिले याची मिती असते, तसा पुष्कळदा ते कधी पोचले याचा शेराही असतो. या दोन तारखांमधले अंतर म्हणजे त्या काळच्या राजकारणाचा श्वास. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश झाला. माळव्यात असलेल्या नानासाहेब पेशव्याला तो कळला सुमारे दहा दिवसांनी, आणि तोही सरकारी जासुदाकडून नव्हे. एका सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला कासीद वाटेत सापडला. पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी संकेतांत मेलेल्यांचा हिशेब होता. सावकारांची टपालव्यवस्था दौलतीच्या व्यवस्थेपेक्षा वेगवान होती, हे या प्रसंगातले सत्य त्यातल्या शोकामुळे सहसा झाकून जाते. हुंडीचा भाव पत्राच्या वेगावर ठरत असे. सावकाराला उशीर परवडत नव्हता.

कंपनी सरकारने हीच पद्धत उचलली आणि तिला वेळापत्रक दिले. मुंबईत १७९० च्या दशकात मुख्य टपाल कार्यालय उभे राहिले. वाटेवर सहा ते आठ मैलांवर चौक्या, प्रत्येक चौकीवर धावपे. एकाने थैली आणायची, दुसऱ्याने ती खांद्यावर टाकून निघायचे. हा एक टप्पा. 'टपाल' या शब्दाचे नातेही 'टप्प्या'शीच लावले जाते. धावप्याच्या हातात काठी किंवा लहान भाला आणि त्याला बांधलेली घुंगरे. ती शोभेची नसत. पुढच्या चौकीवरचा माणूस आवाज ऐकून तयार व्हावा आणि वाटेतली जनावरे, सापकिरडू दूर व्हावीत म्हणून. रात्री सोबत मशालजी, दाट रानात ढोल वाजवणारा. ताशी चार ते पाच मैल हा वेग धरला तर पनवेल ते पुणे हे अंतर चौदा ते अठरा तासांत कापले जायला हवे. चांगल्या दिवसांत ते जमत असावे. पण आषाढात बोरघाटात पाऊस कोसळत असताना, गुडघाभर चिखलातून, मेणकापडात गुंडाळलेली थैली डोक्यावर घेऊन? कागदावरचा वेग आणि घाटातला वेग यांत एका माणसाच्या छातीचे अंतर असते.

श्रीमंत प्रवाशांसाठीही हीच यंत्रणा होती. पालखीने जायचे तर आधी 'डाक बसवावी' लागे, म्हणजे वाटेवरच्या टप्प्याटप्प्यांवर ताजे भोई तयार ठेवण्याची व्यवस्था करावी लागे. प्रवासी झोपलेला असे आणि भोई बदलत असत. आज सरकारी विश्रामगृहाला आपण डाकबंगला म्हणतो, त्यातली 'डाक' हीच. सामान्य माणूस अर्थातच पायी जाई. १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले तेही पायीच. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, ही आशा. बंडाच्या धुमाळीत सापडून ते परतले आणि पुढे 'माझा प्रवास' लिहिला. त्या पुस्तकात झाशीसाठी आपण शिरतो, पण एका गरीब भिक्षुकाला नर्मदेपलीकडे जाण्यासाठी काय काय सोसावे लागे याचा तो मराठीतला सर्वांत जिवंत दस्तऐवज आहे.

घाटाचे रूप बदलायला सुरुवात झाली १८०४ च्या सुमारास. जनरल वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने लष्करी गरजेसाठी वाट सुधारून घेतली. चाकाच्या गाड्या सरळ वर जाव्यात असा रस्ता मात्र १८३० मध्ये झाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो नोव्हेंबरमध्ये खुला केला आणि पुढच्याच महिन्यात तो मायदेशी निघाला. त्याच वर्षाच्या २० मार्चला मुंबई गोदीत बांधलेले 'ह्यू लिंडसे' हे वाफेचे जहाज मुंबईहून सुएझकडे रवाना झाले होते. ३३ दिवसांत ते पोचले. एका वर्षात मुंबईची समुद्राकडची आणि सह्याद्रीकडची अशी दोन्ही दारे उघडली. इंग्लंडचे टपाल आफ्रिकेला वळसा न घालता इजिप्तमार्गे आणण्याचा ध्यास थॉमस वॉगहॉर्न याने घेतला होता. त्या मार्गाला 'ओव्हरलँड' म्हणत, कारण अलेक्झांड्रिया ते सुएझ हा तुकडा जमिनीवरचा. त्यातही कैरो ते सुएझ हे वाळवंट. तिथे टपालाच्या पेट्या उंटांच्या पाठीवर लादल्या जात. म्हणजे लंडनची आगबोट आणि मुंबईची आगबोट यांच्यामधल्या फटीत उंट, आणि मुंबईची आगबोट व पुण्या-हैदराबादकडचा मुलूख यांच्यामधल्या फटीत माणूस.

कायदा मात्र वाफेपेक्षा आधी धावला. १८३७ च्या कायद्याने पत्रे वाहण्याची मक्तेदारी सरकारकडे गेली आणि सावकारांचे, व्यापाऱ्यांचे खाजगी टपाल बेकायदा ठरू लागले. ज्या कासिदाने पानिपतची बातमी आणली होती त्याचा धंदा एका कलमाने संपवला गेला. दुसऱ्या बाजूने १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर आला: पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. गिरगावातल्या कारकुनाने पुण्याला पत्र धाडले काय किंवा पेशावरला, तिकीट तेच. पोनी एक्स्प्रेसच्या ५ डॉलरांशेजारी हा अर्धा आणा ठेवून पाहिला तर दोन टपालवाटांमधला फरक लगेच कळतो. एक सट्टेबाजांची होती, दुसरी राज्यकर्त्यांची. राज्यकर्त्यांना स्वस्त टपाल हवे होते, कारण दूर राहून राज्य करणाऱ्याला पत्रव्यवहाराशिवाय गत्यंतर नसते.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत आणि मे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत. पनवेलच्या भरती-ओहोटीची सत्ता संपली. जून १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. दोन्ही टोकांना इंजिने उभी, मध्ये घाट. खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर, बैलगाडीत बसून किंवा पायी चढून खंडाळ्याला पोचायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. सामान हमालांच्या डोक्यावर, टपालाच्या थैल्याही माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर. १८५८ ते १८६३ ही ती पाच वर्षे. विजेची तार तोवर घाट ओलांडून गेलेली होती. १८५५ पासून ती सामान्यांनाही खुली होती. बातमी क्षणात वर जाई, पत्र मात्र धापा टाकत.

ही फट बुजवण्याचे काम सह्याद्रीने पाहिलेले तोवरचे सर्वांत मोठे बांधकाम होते. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. पहिला कंत्राटदार फॅविएल. त्याच्या काळात, १८५९ च्या जानेवारीत, मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही दिवसांतच आजाराने मेला. त्याचे कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने पुढे चालवले. पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या मजुरांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात आणि त्यांच्या नावांची यादी कुठेच नाही. घाटातल्या रस्त्यालगत शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर आणि वाट दाखवल्यावर साहेबांनीच त्याला मारले, अशी लोककथा आहे. तिला कागदोपत्री आधार नाही. पण ज्या मजुरांची नोंद कंपनीच्या वहीत झाली नाही, त्यांच्या बाजूने लोकांनी ठेवलेली ही नोंद आहे असे म्हणायला हरकत नाही. गाडीवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. दोन वर्षांनी थळघाटातूनही गाड्या धावू लागल्या आणि १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. तोपर्यंत सुएझचा कालवाही उघडला होता. इंग्लंडची टपालबोट मुंबईला लागायची आणि थैल्या तिथून साऱ्या हिंदुस्थानात जायच्या. पुढे १ सप्टेंबर १९२८ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून पेशावरकडे एक टपालगाडी निघाली. तिचे नाव 'फ्रंटियर मेल'. सरहद्द या अर्थाचा तो शब्द मुंबईकरांच्या तोंडी बसला तो असा, रेल्वेच्या वेळापत्रकातून.

रूढ इतिहास इथे संपतो: धावपा गेला, घोडागाडी आली, रेल्वेने सगळ्यांना निवृत्त केले. परंतु आगगाडी फक्त स्थानकापर्यंत येते. स्थानकापासून गावापर्यंत, कचेरीपासून पाटलापर्यंत आणि पाटलापासून पुढच्या गावापर्यंतचा निरोप कोण नेत होते?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करू नये. टपाल खात्याचा धावपा हा पगारी नोकर होता. पगार तुटपुंजा असला तरी ती नोकरी होती आणि ती सोडता येत असे. गावगाड्यातला सरकारी निरोप मात्र वेगळ्या माणसाच्या पायांवर चालत होता. मामलेदाराचा हुकूम, फौजदाराचे बोलावणे, गावचा वसूल तालुक्याला पोचवणे, अधिकाऱ्याचे सामान वाहणे, वाटसरूला शिवेपर्यंत वाट दाखवणे, ही कामे महार वतनदाराची मानली जात. बदल्यात थोडी वतनी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. हे काम जन्माने अंगावर येई. घरचा कर्ता आजारी असेल तर त्याच्या घरच्या माणसाने जायचे. दिवस-रात्र, ऊन-पाऊस हा प्रश्नच नसे. इंग्रजांनी टपालाला वेळापत्रक दिले, तारेला खांब दिले, रेल्वेला बोगदे दिले. पण गावपातळीवरची ही फुकटची यंत्रणा त्यांनी मोडली नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने तिला उलट कायद्याच्या चौकटीत बसवले. महसूल खात्याला ती स्वस्त पडत होती, एवढे साधे त्याचे कारण.

या व्यवस्थेला कायदेमंडळात आव्हान मिळाले ते मैलांच्या दगडांच्या याच परळमधून. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा जवळच्याच बी. आय. टी. चाळीत राहत. आसपास गिरण्यांचा परिसर. तिथल्या कामगारांत गावचे वतनी काम टाकून आलेलेही अनेक. 'बहिष्कृत भारता'तून आंबेडकरांनी महार वतनावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. मागणी अशी: कामाचे स्वरूप आणि वेळ ठरवा, बलुत्याऐवजी ठरलेला मोबदला द्या, आणि ज्याला हे बंधन नको असेल त्याला जमीन पूर्ण साऱ्यावर ठेवून मोकळे होऊ द्या. सरकारी खात्यांकडून विरोध झाला आणि पुढच्या वर्षी विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ चा, आंबेडकरांच्या निधनानंतरचा.

पोनी एक्स्प्रेसच्या स्वाराला पगार होता, नोकरी सोडायची मुभा होती आणि दीड वर्षाच्या कामावर पुढे आयुष्यभर सांगायला गोष्टी होत्या. घाटमाथ्यावरचा निरोप्या पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि त्याची गोष्ट ऐकायची तर कायदेमंडळाच्या कामकाजाची बाडे उघडावी लागतात. तुलना करायचीच तर ती मैलांची करण्यापेक्षा इथे करावी.

गिरणगावातही टपालाची एक वेगळी वाट तयार होत होती. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला कामगार लालबाग-परळच्या चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि पगार झाला की गावी पैसे धाडायचा. कोकणच्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असे नाव पडले ते यातूनच. लिहिता न येणाऱ्यांसाठी बोरीबंदरच्या मुख्य टपाल कार्यालयाबाहेर पत्रलेखक बसत. १९१३ मध्ये पूर्ण झालेली, जॉन बेगने आराखडलेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी ही इमारत आजही तिथे आहे. फॉर्मच्या तळाशी चार ओळींची जागा असे. त्यात भाताची लावणी, आईचा खोकला, धाकट्याची शाळा आणि गणपतीला येण्याचे आश्वासन हे सगळे बसवावे लागे.

ही मनीऑर्डर बोटीने किंवा गाडीने निघे आणि शेवटी कोकणातल्या एखाद्या साकवापाशी पोचे. तिथून पुढे रस्ता नसे. थैली खांद्यावर टाकून एक माणूस साकव ओलांडे, डोंगर चढे आणि वाडीवर जाऊन नाव पुकारे. अशा शेवटच्या टप्प्यावरची थैली वाहणारी माणसे टपाल खात्यात आजही आहेत. त्यांचा संवर्ग पूर्वी 'खातेबाह्य' म्हणून ओळखला जाई, आता त्याला 'ग्रामीण डाकसेवक' म्हणतात. आपल्याला खात्याचे नियमित कर्मचारी मानावे ही त्यांची मागणी जुनी आहे. २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी वेतनासाठी देशभर संप केला, तेव्हा खेड्यापाड्यांतले टपाल कित्येक दिवस जागच्या जागी पडून राहिले.